गरम झाल्यावरच बंद पडणारे इंजिन

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला माझे दुरुस्तीचे दुकान आहे. काम मुख्यतः धानाच्या हंगामाचे असते: पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रे, मळणीयंत्रांची इंजिने आणि अधूनमधून एखादी जुनी राजदूत. नावेचे इंजिन आमच्याकडे क्वचितच येते. त्यामुळे इटियाडोह धरणाच्या काठावरील एका गावातले ढीवर समाजातील ज्येष्ठ गृहस्थ आपल्या मुलाबरोबर पोत्यात गुंडाळलेले ‘सीगल’ घेऊन आले, तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकेसुद्धा आपले काम विसरून ते पाहायला उभी राहिली.

ब्रिटिश सीगल हे इंग्लंडमधील नाव. १९३१ साली वुल्वरहॅम्प्टन येथे या इंजिनांची सुरुवात झाली, पुढे कारखाना पूल या बंदराच्या गावी गेला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने आपल्या हलक्या नावांसाठी ही इंजिने घेतली आणि १९९६ च्या सुमारास उत्पादन थांबले. आमच्यासमोर होते ते ‘सेंच्युरी’ जातीचे होते: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, वर उघडे फ्लायव्हील, त्याच्या डोक्यावर दोरी गुंडाळण्याची खाच, आणि खाली पाच पात्यांचा मोठा, सावकाश फिरणारा पंखा. आजच्या इंजिनांसारखे त्यावर झाकण नाही, स्वतः गुंडाळली जाणारी दोरी नाही. आणि या नगाला क्लचही नव्हता, म्हणजे इंजिन सुरू झाले की नाव निघालीच. काकांच्या वडिलांनी ते फार पूर्वी भंगाराच्या लिलावात घेतले होते.

तक्रार काकांनी एका वाक्यात सांगितली. “काठावर हात लावला का चालू, मधात गेली का बंद. अन् घडीभर थांबलं का पुन्हा चालू. आता का करावं जी?”

त्याआधी हे इंजिन दुसऱ्या गावी एकाकडे दोनदा दुरुस्त होऊन आले होते, आणि दोन्ही वेळा कार्बोरेटर साफ करून परत मिळाले होते. मी ते दोनशे लिटरच्या ड्रमला अडकवले, ड्रम काठोकाठ भरला, कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल येऊ दिले आणि दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला इंजिन लागले आणि चांगले चालले. ते ड्रममध्ये कधीच बंद पडणार नाही, हे तिथेच माझ्या लक्षात आले. ड्रममध्ये आपण इंजिन पाच-सात मिनिटे, तेही अर्ध्या थ्रॉटलवर चालवतो. पंख्यावर खरे ओझे नसते आणि इंजिन पुरते तापतही नाही. जो दोष तापल्यावर दिसतो तो शोधायचा, तर इंजिन त्याच्या कामाच्या जागीच तापवले पाहिजे. मी काकांना म्हटले, “काका, उद्या तुमच्याच नावेत बसून पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाढवी नदीच्या त्या अडवलेल्या पाण्यावर आम्ही निघालो. डिसेंबर होता, धान कापून झाले होते आणि काठच्या बांध्यांमध्ये दव होते. नावेत काका, त्यांचा मुलगा, मी, एक पाना, प्लगचा पाना, एक जादा प्लग आणि वल्ही. जादा प्लग सोबत घेण्याचे कारण असे की या जुन्या नगांना १८ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो आणि तो आमच्या बाजारात मिळत नाही. हा मला नागपुरातील जुन्या सामानाच्या एका दुकानात सापडलेला होता.

पंधरा-वीस मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर गेल्यावर इंजिनाचा आवाज तुटू लागला, दोन-तीनदा खोकल्यासारखा झाला आणि मग सगळे शांत झाले. मुलगा लगेच पुन्हा दोरी गुंडाळू लागला. त्याला मी थांबवले. पुढची दोन-चार मिनिटेच कामाची होती, कारण एकदा इंजिन निवले की पुरावा नाहीसा होणार होता. सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडले. झाकणातले हवेचे छिद्र बुजले असते, तर टाकीत हवा ओढली गेल्याचा आवाज आला असता. तो आला नाही. कार्बोरेटरची टिकली दाबली, तर पेट्रोल लगेच ठिबकले. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते, आणि दोनदा साफ झालेल्या कार्बोरेटरवर आळ घेण्याचे कारण उरले नव्हते. प्लग काढला, तो ओला होता. तो तारेला लावून, पेट्रोलपासून दूर, सिलिंडरच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढायला सांगितली. करंट दिसलाच नाही. जादा प्लग लावूनही तेच. नंतर आम्ही वल्ह्याने नाव काठाला आणली, आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याच प्लगवर पुन्हा स्वच्छ निळी ठिणगी पडू लागली होती.

दोष करंटचा आहे हे ठरले, पण मॅग्नेटखाली, म्हणजे चुंबक बसवलेल्या फ्लायव्हीलखाली, कॉइल आणि कंडेन्सर (घडीभर वीज साठवणारा छोटा भाग) असे दोन संशयित होते आणि दोघेही तापल्यावर दगा देऊ शकतात. कॉइलमधली केसाहून बारीक तार गरम होऊन फुगली की तुटलेल्या जागी अंतर पडते, थंड झाली की पुन्हा टेकते. कंडेन्सर मात्र वेगळ्या पद्धतीने मरतो. त्यातल्या पापुद्र्यांमधले आवरण जुने झाले की उष्णतेने त्याचा रोध कमी होतो, पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन ठिपके, उघडताना जी ऊर्जा कॉइलमध्ये जायची ती पॉइंटवरच जळते आणि प्लगपर्यंत काही पोहोचत नाही. मुलाने विचारले की दोन्ही बदलून टाकले तर काय हरकत आहे. हरकत एवढीच, की त्या कॉइलला आमच्याकडे पर्याय नव्हता. आणि कारण न समजता सामान बदलण्याची सवय मला अजिबात पटत नाही.

दुकानात मॅग्नेट काढून पाहिला तेव्हा पॉइंटांनीच बरेच सांगितले. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा, दोघांच्या कडा काळ्यानिळ्या झालेल्या. असे पॉइंट बहुधा कंडेन्सरकडे बोट दाखवतात, पण बहुधा म्हणजे खात्री नव्हे. आमच्या शेजारी पंपाच्या मोटारी गुंडाळणारे एक मित्र आहेत. मोटारीचे इन्सुलेशन तपासण्यासाठी त्यांच्याकडे हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर असतो. कंडेन्सर सोडवून आधी थंड असताना त्यावर लावला, तर काटा चांगला वर गेला. मग कंडेन्सर एका डब्यात जळत्या बल्बच्या शेजारी ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने मेगर फिरवत गेलो. डबा हाताला चटके देऊ लागला, तसा काटा खाली घसरत शून्याच्या जवळ आला. तोच डबा उघडून कंडेन्सर वाऱ्यावर ठेवला, तर काटा परत वर. कॉइलला मात्र तशाच उष्णतेत मल्टिमीटरने काहीही फरक दाखवला नाही. काका हे सगळे स्टुलावर बसून पाहत होते. काटा घसरताना पाहून ते म्हणाले, “म्हनजे हा उन्हातच पडते आजारी.”

नवा कंडेन्सर म्हणून राजदूतचा घेतला. या प्रकारच्या मॅग्नेटला साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर चालतो आणि राजदूतचाही त्याच मापाचा असतो. मूळ जागी तो बसत नव्हता, आणि मला तो तिथे बसवायचाही नव्हता. मॅग्नेटखाली तापलेल्या क्रँककेसजवळ ठेवून त्याचीही तीच गत कशाला करायची? पॉइंटपासून एक तार प्लगच्या वायरीबरोबर बाहेर काढली आणि कंडेन्सर टाकीच्या पट्टीला, हवा लागेल अशा जागी, रंग खरवडून अर्थिंग पक्के करून स्क्रूने आवळला. पॉइंट बारीक कानशीने सपाट केले आणि त्यांतले अंतर फिलर गेजने ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवले.

काम करताना मधल्या दुरुस्त्यांची आणखी एक खूण सापडली, आणि तिचा मला राग आला. खालच्या गिअरबॉक्सच्या जोडांवर एम-सील थापले होते. ऑइल गळते आणि आतले ऑइल दुधासारखे पांढरे होते, म्हणून कुणीतरी तसे केले असावे. सीगलच्या गिअरबॉक्सला आधुनिक इंजिनासारखे रबरी सील नसतातच. त्यात १४० नंबरचे जाड गिअर ऑइल असते, थोडे पाणी आत येते, थोडे ऑइल बाहेर जाते, आणि पांढरट झालेले ते मिश्रण दातांचे काम भागवते. हंगामात वारंवार ऑइल भरत राहणे हीच तिथली देखभाल. एम-सील खरवडून काढायला मला कंडेन्सरच्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

पेट्रोलचे मिश्रणही चुकीचे सांगितले गेले होते. आजच्या टू-स्ट्रोक इंजिनांसारखे पन्नासास एक ऑइल टाका, असे काकांना कुणी तरी सांगितले होते. या जुन्या सीगलमध्ये क्रँकला बेअरिंगच्या गोळ्या नसून साधे बुश, म्हणजे धातूच्या गुळगुळीत नळ्या, आहेत, आणि ऑइलचा जाड थर बुशला वंगण देतो तसा क्रँककेसमधली हवा बाहेर जाण्यापासून अडवतोही. म्हणून या नगाला दहास एक, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला अर्धा लिटर ऑइल लागते. पंचवीसास एक हे प्रमाण फक्त नंतरच्या मॉडेलांसाठी आहे. काकांचा मुलगा म्हणाला की धूर फार होईल. होतोच, त्याला इलाज नाही. त्याला एक गोष्ट मात्र मी निक्षून सांगितली: आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल धरते, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, पेट्रोल कॉकमधले बूच फुगले तर कॉक अडकतो, तेव्हा ओढाताण करू नये.

पुन्हा आम्ही पाण्यावर गेलो. मी मुद्दाम थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायला सांगितला आणि नाव काठाकाठाने न नेता थेट मध्ये घेतली. आधी जिथे आवाज तुटला होता तो टप्पा मागे पडला, मग तास उलटला, आणि इंजिन गरम असतानाच ते बंद करून लगेच सुरू केले. एका दोरीत लागले. परत येताना पंखा पाण्याखालच्या बुडलेल्या बुंध्यावर आपटला. पंखा आणि त्याच्या दांड्यामध्ये स्प्रिंग असल्याने धक्का तिने झेलला. स्प्रिंगऐवजी धक्क्याने तुटणारी पिन असलेल्या इंजिनाने तिथेच वल्हे हातात दिले असते. काकांनी जाळ्यांच्या पेटीत एक जादा कंडेन्सर, पाना आणि तारेचा तुकडा पॉलिथिनमध्ये बांधून ठेवला आहे. कंडेन्सर बाहेर असल्यामुळे मॅग्नेट न काढता तो नावेतच बदलता येतो, आणि तो कसा बदलायचा हे मुलाने माझ्यासमोर एकदा करून दाखवले.