मादुरोडॅमला जावं का?

युरोप सहलीचं पत्रक हातात पडलं की ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "हेगला मादुरोडॅम दाखवणार आहेत. खरा हॉलंड समोर असताना त्याची छोटी प्रतिकृती कशाला बघायची?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: जा. आणि आत गेल्यावर आधी एक घर शोधा.

कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरच्या घराची ती प्रतिकृती आहे. जॉर्ज मादुरोचा जन्म त्या घरातला, 1916 सालचा. हॉलंडमधल्या लायडनला कायदा शिकायला आलेला हा ज्यू तरुण मे 1940मध्ये जर्मनांनी हल्ला केला तेव्हा घोडदळाचा राखीव अधिकारी म्हणून लढला. पुढे भूमिगत चळवळीत शिरला, पकडला गेला आणि फेब्रुवारी 1945मध्ये डाखाउच्या छळछावणीत टायफसने गेला. तिसरा महिना पुरा होण्याआधीच ती छावणी मुक्त झाली.

त्याच सुमारास लारेन गावी क्षयरोगी विद्यार्थ्यांसाठी आरोग्यधाम उभं राहत होतं आणि त्याला पैसा हवा होता. बून-फान डर स्टार्प नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या बेकॉन्सकॉट या प्रतिकृतींच्या चिमुकल्या गावासारखं काही उभारून तिकिटांतून तो मिळवायचं ठरवलं. सुरुवातीचं भांडवल जॉर्जच्या आईवडिलांनी दिलं. मुलाचा पुतळा उभारणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी त्याच्याच वयाच्या आजारी पोरांची सोय बघितली, याचं मोल मला फार वाटतं. 2 जुलै 1952 रोजी मादुरोडॅम हे चिमुकलं गाव उघडलं आणि चौदा वर्षांची राजकन्या बेआट्रिक्स त्याची पहिली महापौर झाली.

सगळं 1:25 मापात आहे. उट्रेख्तचा 112 मीटरचा डोम मनोरा इथे साडेचार मीटरचा. झाडं मात्र खरी, छाटून छाटून लहान ठेवलेली. दिवाळीच्या किल्ल्यावर ज्यानं अळीव पेरलाय, तो इथे हमखास रेंगाळतो.

पण माझं मन पाण्यापाशी अडकतं. गाव उघडून सात महिने होतात तोच, 1953च्या 31 जानेवारीच्या रात्री समुद्राने हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या झीलंड प्रांताचे बंधारे फोडले. 1,836 माणसं गेली. त्यानंतर डच लोकांनी समुद्र अडवण्यासाठी डेल्टाची प्रचंड कामं हाती घेतली. त्यातला ऑस्टरस्खेल्डे खाडीवरचा बांध नऊ किलोमीटर लांब, 62 पोलादी दारांचा. खऱ्या बांधावरून बस जाते तेव्हा खांबांमागून खांब तेवढे दिसतात. एरवी दारं वरच ठेवलेली असतात, भरती-ओहोटी आत खेळती राहावी आणि कालवं-शिंपले जगावेत म्हणून. वादळ आलं की ती खाली येतात. मादुरोडॅममधली त्याची प्रतिकृती वरून बघताना ही सगळी रचना एका नजरेत कळते. पूर येणाऱ्या नदीकाठी राहणाऱ्या कुणीही तिथे पाच मिनिटं जास्त थांबावं.

सहलीच्या शेवटाकडे गेलात तर उत्तम, कारण बघितलेली ठिकाणं ओळखू येतात. मुलंही मग एकेक नाव सांगत पुढे पळतात. सगळं उघड्यावर आहे आणि समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यातही वाऱ्यापावसाचं जाकीट घ्याच. हेगच्या सेंट्रल स्टेशनवरून 9 नंबरची ट्राम थेट तिथे जाते.