सव्वा इंचासाठी

काल वायरिंग तपासणारा इन्स्पेक्टर आला आणि वीज न्यायला खणलेली आमची चारी फेल करून गेला. घराच्या ब्रेकर पॅनलपासून मागच्या सुट्या गॅरेजपर्यंत नवऱ्याने आणि मी दोन वीकेंड घालून खणलेली, 40 फूट लांब, बरोब्बर 18 इंच खोल. इथे अमेरिकेत वायरिंगच्या नियमांच्या पुस्तकाला कोड म्हणतात, त्यात पीव्हीसी पाइपला 18 लिहिलंय म्हणून आम्ही 18 खणलं, दर 2 फुटांवर टेप लावून. त्याने टेप काढली, पण चारीच्या तळाला लावलीच नाही, पाइपच्या डोक्यावर टेकवली आणि शांतपणे म्हणाला, पावणेसतराही भरत नाही.

तर गंमत अशी आहे की 18 इंच हे "कव्हर" आहे, म्हणजे पाइपचा वरचा भाग ते जमीन. आमचा पाइप नावाला 1 इंची, बाहेरून मोजला तर 1.315 इंच. तेवढंच कमी पडलं. मी म्हटलं अहो वर हिरवळ लावणार आहोत, माती थोडी चढवून घेऊ, तर तो म्हणे जमिनीची शेवटची पातळी आज काय आहे तेच मी बघणार. एक इंच आणि वर थोडंसं! एवढ्याने वीज काय उडी मारून बाहेर येणार आहे का? रात्रभर चरफडत होते.

आणि राग जास्त येण्याचं कारण म्हणजे मी काही नवशिकी नाही हो. बाबांनी 35 वर्षं वायरिंगची कामं घेतली. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे, भिंतीत झिरी मारताना खडूने रेघ ओढून द्यायचे, पाइपमधून स्प्रिंग ढकलायची आणि दुसऱ्या टोकाला "आली, आली" ओरडायचं हे माझं खातं. त्यामुळे इथे घर घेतल्यावर घरमालकाच्या नावावर परमिट काढून आपलं काम आपण करता येतं म्हटल्यावर मी उडीच मारली.

रागाच्या भरात कोडमधला खोलीचा तक्ता पुन्हा वाचला. जमिनीत थेट पुरायची यूएफ केबल असेल तर 24 इंच. पीव्हीसी पाइपला 18. जाड लोखंडी रिजिड पाइप टाकला तर फक्त 6. आणि नुसतं एकच 120 व्होल्टचं 20 अँपचं सर्किट नेलं, त्याला सुरुवातीलाच जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) लावला, तर 12 इंचातही भागतं. म्हणजे एक दिवा आणि एक सॉकेट एवढंच पाहिजे असतं तर मी कधीच मोकळी झाले असते. पण मला तिथे कॉम्प्रेसर आणि टेबल सॉ चालवायचाय, पुढेमागे गाडीचा चार्जर, म्हणून 60 अँपचा सबपॅनल, म्हणजे गॅरेजसाठी वेगळा ब्रेकरचा डबा, घेतला. नवरा आता म्हणतोय एवढं कशाला पाहिजे होतं. पाहिजे होतं. एकदाच खणायचं असतं.

(तसं एकदाच झालं नाही, ते सोडा.)

लोखंडी पाइप का नाही घेतला असं शेजारच्या आजोबांनीही विचारलं. 6 इंच चारी म्हणजे एका दुपारचं काम. पण तो पाइप उचलून बघा, आटे पाडायचं मशीन आणा, आणि ओल्या मातीत वर्षानुवर्षं गंजणार तो वेगळाच. यूएफ केबल सगळ्यात सोपी, करडी केबल चारीत आडवी टाकली की झालं, पण ती एकदा पुरली की पुरली, उद्या जास्त लोड लागला तर परत कुदळ. पाइप असला की जुन्या वायरीलाच नवी बांधून ओढून घ्यायची. हे मला कोडने नाही, बाबांनी शिकवलं.

पहिल्यांदा बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं तेव्हा त्यांना चारीचं काहीच वाटलं नाही. त्यांची नजर गेली घरातल्या उघड्या भिंतीकडे, बाथरूमचं काम चालू होतं तिथे. लाकडी चौकटीला भोकं पाडून पिवळी केबल तशीच ओवलेली.

"पाइप कुठाय?"

"बाबा, इथे घरात पाइप नसतो. केबल स्टेपलने ठोकतात."

"आणि वायर जळाली तर बदलणार कशी? भिंत फोडून?"

मी इथल्या बाजूने बोलायला लागले, हे माझं नेहमीचंच. म्हटलं भिंत विटांची नाहीये, जिप्समची आहे, कापली की निघते, आणि भोक चौकटीच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत आलं तर लोखंडी पट्टी ठोकावी लागते, म्हणजे खिळा केबलमध्ये घुसत नाही. (इथेही सव्वा इंच! हा आकडा माझ्या मागेच लागलाय.) शिकागोकडच्या मैत्रिणीच्या घरी तर भिंतीतही सगळं लोखंडी पाइपातूनच आहे, तिकडचा नियमच तसा. बाबा म्हणाले, मग तिकडे घर घ्यायचंस.

हीच पिवळी केबल चारीतल्या पाइपात ओढावी असं नवऱ्याच्या मनात होतं. ते चालत नाही. जमिनीतला पाइप आतून ओलाच धरतात, पाणी साचतंच, आणि त्या केबलच्या आतला कागद ते शोषून घेतो. ओल्यात चालणाऱ्या सुट्या वायरी वेगळ्या घ्याव्या लागतात. आमच्या चार आहेत, 6 गेजच्या तीन आणि अर्थिंगची 10 गेजची एक. त्या पाऊण इंचीत बसल्या असत्या, पण जमिनीतून वर येणारा उभा तुकडा, जिथे लॉनमोवर आदळू शकतो, तो शेड्यूल 80 चा लागतो. त्याचा बाहेरचा व्यास तोच पण भिंत जाड, म्हणजे आतली पोकळी कमी, आणि पाइप वायरींनी 40 टक्क्यांवर भरायचा नाही. म्हणून 1 इंची. बाबांनी हा हिशोब न करताच सांगितलं होतं, "एक नंबर मोठा घाल."

रंगांचं मात्र मला अजून जमत नाही. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हे हातात बसलंय. इथे काळी म्हणजे "गरम", आपली फेज, आणि पांढरी न्यूट्रल. सुरुवातीला एक सॉकेट बदलताना ब्रेकर पाडला होता, टेस्टरने तपासलंही होतं, तरी काळी वायर मी अशी बिनधास्त चिमटीत धरली की नंतर माझीच मला भीती वाटली. परवा सबपॅनलच्या वायरी मांडून ठेवल्या, काळी, लाल, पांढरी, हिरवी, तर बाबा स्क्रीनवरून ओरडले, काळी त्या ब्रेकरच्या बाजूला काय करतेय!

अर्थिंगला तर ते हसलेच. इथे 8 फुटी तांब्याचा मुलामा दिलेले दोन रॉड 6 फूट अंतरावर जमिनीत ठोकले की काम झालं. कोळसा नाही, मीठ नाही, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतणं नाही. "हे अर्थिंग?" खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. पण सबपॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, दोघांना जोडणारी ती हिरवी स्क्रू काढून टाकायची, याबद्दल इथली मंडळी जेवढी कडक आहेत ते मला आवडतं. चूक झाली तर परतीचा करंट अर्थच्या वायरीतून, पत्र्याच्या डब्यांतून फिरत बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

गॅरेजच्या आत भिंतीवरून उघडी ईएमटी, म्हणजे पातळ लोखंडी पाइप, नेतेय. शेजारच्या आजोबांनी पाइप वाकवायचा स्वतःचा बेंडर आणून दिला आणि वर स्वतः अर्धा तास उभे राहिले. पहिला काटकोन मी 5 इंच लांब केला, कारण अर्ध्या इंची पाइपला खूण 5 इंच अलीकडे करायची असते, ते बेंडरवरच कोरलेलं आहे आणि मी वाचलं नाही. दुसरा चेपला. तिसरा जमला. तो भिंतीवर लावला तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, नुसता त्यावरून अंगठा फिरवला. बाबाही असंच करायचे.

आज सकाळपासून परत खणतोय. नशीब उभे तुकडे अजून चिकटवले नव्हते, पाइप एका बाजूने उचलून विटांवर ठेवलाय आणि खालची माती खरवडतोय, 20 इंच करतोय, आता मला त्या माणसाला बोलायला जागाच ठेवायची नाही. बाबांना सांगितलं तेव्हा आधी "सव्वा इंचासाठी? वेडा आहे का तो?" असं झालं. मग तासाभराने त्यांचाच फोन, फोटो पाठव म्हणे, टेप लावून. पाठवला. लगेच उत्तर आलं, टेप तळाला लावलीयेस, पाइपवर लाव.