नाव सांगा की एखादं

कोल्हापुरात दसरा चौकात केएमटीच्या बसची वाट बघत उभा होतो. शेजारी एक तरुण, एका हातात फाईल, दुसऱ्या हाताला धरलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी. उन्हानं दोघंही वैतागलेले. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "काका, 'ढ'वरनं एखादं नाव सांगा की."

"'ढ'वरनं?"

"पोरगा झालाय. भटजींनी अक्षर काढलंय. पूर्वाषाढाचा चौथा चरण."

मागं रसाच्या गाड्यावर ग्लास विसळणारा माणूस मान वर न करता बोलला, "शाळंत घालायच्या आधीच निकाल लावला की राव!"

झालं, स्टॉपवर बैठक बसली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक वहिनी म्हणाल्या, राशीचं पत्रिकेत ठेवा, हाक मारायला दुसरं बघा. कॉलेजच्या पोरानं मोबाईलमध्ये बघून शेवटी 'आंश' येणारी चार नावं सांगितली. त्यावर गाडीवाला म्हणाला, "काय बी ठेवा, पेठेत त्याचं सोन्या नायतर पिंट्याच होणार." हे मात्र खरं. मग तो बाप पोरीकडं वळला. तिला शाळेनं सुट्टीत एक पुस्तक वाचून त्यावर लिहून आणायला सांगितलंय, ते कुठलं घ्यावं? वहिनी म्हणाल्या इंग्रजी घ्या, मराठी काय घरात बोलतोयच. गाडीवाला म्हणाला, शिवाजी महाराजांचं. पोरगी म्हणाली, "भुताचं असलं तर वाचीन." ते कुणी मनावर घेतलं नाही. तेवढ्यात बस आली.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, ओळख ना पाळख, असल्या माणसांना काय विचारायचं? मला वाटतं, त्यांनाच विचारावं. मामानं सुचवलेलं नाव ठेवलं नाही तर मामा ते पोराच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतो, आणि लग्नात जेवताना काढतो. अनोळखी माणूस सल्ला देऊन व्हीनस कॉर्नरला उतरून जातो. आपण ऐकलं की नाही, हे त्याला कधी कळत नाही. अर्थात कोल्हापुरात अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही, ही एक अडचण. "कुठल्या पेठेतलं?" आणि "कुठली तालीम?" एवढे दोन प्रश्न झाले की तिसऱ्याला तो पाहुणा निघतो.

पुस्तकांच्या बाबतीत तर मी लहानपणापासून परक्यांच्याच भरवशावर आहे. गुरुजींनी सांगितलेलं पुस्तक वाचायचं नाही, हा एक हट्टच होता. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं, म्हणजे तिथं निवडायला काही कमी नव्हतं. पण कपाटांपुढं उभं राहिलं की काही सुचायचं नाही. मी सरळ परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगातलं उचलायचो. कुणीतरी नेलं, वाचलं, म्हणजे बरं असणार. खात्री करायला शेवटचं पान बघायचं. तिथं पेन्सिलीनं शेरे असायचे. 'छान.' खाली दुसऱ्या हातानं, 'काय छान? शेवट वाईट.' त्याखाली तिसरा, 'पुस्तकात लिहू नये.' 'रडू आले' असा शेरा दिसला की मी पुस्तक परत ढिगात ठेवायचो. अजूनही ठेवतो.

नावांचं म्हणाल तर या गावानं दत्तकाबरोबर बदललेली नावंही पुढं मोठी झालेली बघितलीत. ज्या चौकात आमची बैठक भरली, तिथं ज्यांचा पुतळा आहे ते शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 साली दत्तक आले आणि शाहू झाले. ज्ञानपीठवाले खांडेकर जन्माचे गणेश, दत्तक गेल्यावर विष्णू. सरकारही या बाबतीत समजूतदार आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करा म्हणतं, पण नाव घालायला वर्षभर मुदत देतं. उशिराचं शुल्क भरलं तर थेट 15 वर्षांपर्यंत. आत्ती मात्र बारशाच्या पुढं एक दिवस थांबत नाही.

आमची आत्तीही अडली होती. धाकटी बहीण झाली तेव्हा. बारसं दुसऱ्या दिवशी, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेले आणि नाव पक्कं नाही. सोप्यात कासारमावशी बसलेल्या. आत्तीचा हात साबणाच्या पाण्यात बुडवून, अंगठ्याचं पेर दाबून त्या हिरव्या बांगड्या चढवत होत्या. आत्ती कळवळत म्हणाली, "तुम्ही तरी सांगा वो एखादं नाव." मावशींनी हात सोडला नाही, विचारही केला नाही. "सुमन ठेवा," म्हणाल्या, आणि पुढची बांगडी घेतली. दुसऱ्या दिवशी आत्तीनं पाळण्यात वाकून कुर्रर्र करून तेच नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

कासारमावशींना सगळे मावशीच म्हणायचे. त्यांचं नाव नकुशी होतं, हे मला फार उशिरा कळलं. लागोपाठच्या मुलींतली शेवटची, म्हणून नकुशी. असली नावं ठेवायला कुणी कुणाला विचारत नसावं.

2011 साली साताऱ्यात अडीचशेहून जास्त नकुशींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. काहींनी नवीन नाव स्वतःच निवडलं होतं, एकदोघींनी तर सिनेमातल्या नटीचं. तेव्हा पेपर वाचताना मला एकदम वाटलं, मावशींकडं ते नाव इतकं तयार कसं होतं?

सुमनला हे अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हे एखाद्या अनोळखी माणसालाच विचारायला पाहिजे.