इटलीची जुनी वाइन-मापं लिटरात आणताना

नाशिकच्या वायनरीत बॅरल म्हटलं की डोळ्यांपुढे 225 लिटरचं ओकचं पिंप येतं. तीच सवय घेऊन जुना इटालियन हिशेब वाचायला बसलं, की गणित पहिल्याच ओळीत कोलमडतं. तिथला 'बारिले' हे माप आहे, तेही दर शहराचं वेगळं: फ्लोरेन्सचा 45.58 लिटर, रोमचा 58.34, नेपल्सचा 1840च्या कायद्यानंतर 43.62. म्हणजे 10 बारिले वाइन फ्लोरेन्सची असेल तर 750 मिलीच्या साधारण 608 बाटल्या, रोमची असेल तर 778. आपल्याकडे गावागणिक पायली बदलायची, तसंच हे.

आधी शहर बघा, मग माल. फ्लोरेन्समध्येच तेलाचा बारिले 33.43 लिटरचा होता. वाइनच्या बारिलेत 20 फियास्को (म्हणजे ठरावीक मापाची बाटली), तेलाच्या बारिलेत 16. आणि फियास्कोही एकसारखा नाही, वाइनचा 2.28 लिटर, तेलाचा 2.09.

कागदावर शहराचं नाव नसेल तर पोटमापं शोधा. बारिलेत 32 बोक्काले आणि बोक्कालेत 4 फोल्येत्ता दिसले, तर ते रोम. 'ब्रेन्ता' हे वाइनचं आणखी एक माप. त्यात 96 बोक्काले असतील तर मिलान, म्हणजे 75.55 लिटर, 36 पिंता असतील तर तुरीन, 49.28 लिटर. या दोन ब्रेन्तांची गल्लत सगळ्यात महागात पडते, कारण चूक थेट दीडपटीची होते.

फियास्को म्हणजे गवताने विणलेली गोल बुडाची बाटली. तिचं माप 1574 मध्ये तोस्कानात, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतात, कायद्याने ठरलं आणि शिक्का विणीवर मारला जाई. मग लबाड विक्रेते शिक्क्याची वीण उतरवून लहान बाटलीवर चढवू लागले. म्हणून पुढच्या शतकात शिक्का थेट काचेवर आला. मापात खोट कुठून शिरते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आकडेमोड करताना आधी गुणाकार करा, पूर्णांक शेवटी. फियास्को सव्वादोन लिटरचा धरला, तर 1000 फियास्कोंत जवळजवळ 30 लिटर गायब होतात.

इटलीत दशमान पद्धतीचा कायदा 1861 चा. आपला 1956 चा. मात्र कायदा झाला म्हणून जुनी नावं लगेच सुटली नाहीत, त्यामुळे नुसत्या सालावर विसंबू नका. 'एत्तोलित्रो' लिहिलेलं असेल तर सरळ 100 लिटर धरा.