स्पॉन्सर पैसे किती घेतो?

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या, मीटिंगला नवीन माणूस यायला लागला की घरचे हमखास विचारतात, "हा स्पॉन्सर कोण? पैसे किती घेतो?" एक रुपयाही नाही. तो डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, बुवा-महाराज तर नाहीच नाही. आपल्यासारखाच दारू पिऊन घर धुळीला मिळवलेला, पण आपल्याआधी काही वर्षं थांबलेला माणूस. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, असा साधारण रिवाज आहे.

माझे स्पॉन्सर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नाव लिहीत नाही, आमच्यात तसा संकेत आहे. मी त्यांना दादा म्हणतो. आमच्या सातपूरच्या कारखान्यात सात तारखेला पगार होतो. सुरुवातीच्या काळात त्या दिवशी शिफ्ट सुटताना दादा गेटसमोर स्कूटर लावून उभे असायचे. उपदेश वगैरे काही नाही. "आधी खाऊन घे," एवढंच. मिसळ, चहा, मग घराच्या जिन्यापर्यंत सोबत. रात्री फोन केला तरी पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलास का? कुणाशी भांडलास? एकटाच आहेस का? झोप झाली का?" भूक, राग, एकटेपणा, थकवा. पिण्याची ओढ बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या वाटेने येते, हे मला पुढे कळलं. आणि फोन करायचा तो पहिल्या घोटाच्या आधी, ही त्यांची एकमेव अट होती.

ए.ए.मध्ये दारूतून सुटण्याच्या बारा पायऱ्या असतात. त्यांतल्या चौथ्या पायरीत स्वतःचा हिशेब लिहायचा असतो, पाचवीत तो दुसऱ्या माणसाला सांगायचा. मी वही घेऊन त्यांच्या गॅलरीत बसलो, पण तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा दादांनीच सुरुवात केली. मुलीच्या फीचे पैसे पिऊन ते शाळेच्या फाटकापाशी कसे पडले होते, हे त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं. वहिनी आत स्वयंपाक करत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यानंतर मी वही उघडली आणि दिवेलागणीपर्यंत वाचत राहिलो. त्यांनी एकदाही "असं कसं केलंस?" म्हटलं नाही. माझ्या आईलाही हे जमलं नसतं, आणि तिने ते का करावं?

या नात्याचं मूळ अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रनमध्ये आहे. मे 1935 मध्ये ए.ए.चे एक संस्थापक बिल विल्सन तिथे एका हॉटेलात अडकले होते. धंद्याचा सौदा फिसकटलेला, दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, आणि समोर बार. त्यांनी बारकडे न वळता फोन उचलला आणि आपल्यासारखा कुणी पिणारा भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेही पिणारेच. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही म्हणून आलेले डॉक्टर रात्रीपर्यंत बोलत बसले. 10 जून 1935 हा त्यांच्या शेवटच्या दारूचा दिवस मानला जातो. बिलनी फोन केला होता तो स्वतः पिऊ नये म्हणून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे काही इस्पितळांनी दारुड्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली, ती कुणी जुना सभासद जबाबदारी घेईल या अटीवर. त्याने पेशंटला आणायचं, भेटायला यायचं आणि सुटल्यावर मीटिंगला न्यायचं.

काही स्पॉन्सर मर्यादा ओलांडतात, याचा मला राग येतो. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणं हे आपलं काम नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडेच न्यायचं. उसने पैसे देऊ-घेऊ नयेत, नवरा-बायकोच्या भांडणात पंच होऊ नये.

आता माझ्याकडेही एक तरुण मुलगा येतो. मध्ये तो घसरला आणि लाजेने फोनच उचलेना. मी दादांना विचारलं, "माझं काय चुकलं?" ते म्हणाले, "तू प्यायलास का? नाही ना? मग त्याला पुन्हा फोन कर." केला. दोन दिवसांनी तो मीटिंगला आला.

स्पॉन्सर हवा असेल तर थोड्या मीटिंगा नुसत्या ऐका. ज्याचं शेअरिंग, म्हणजे मीटिंगमध्ये सांगितलेला स्वतःचा अनुभव, ऐकून "हा तर माझंच सांगतोय" असं वाटेल, त्याला नंतर चहाला थांबवा आणि सरळ विचारा. नाही पटलं तर बदलता येतो, कुणी वाईट वाटून घेत नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात, तिथे त्यांनाही त्यांचा स्पॉन्सर मिळू शकतो.