हनुक्काच्या दिवसांत कोल्हापूर

कोकणातल्या आमच्या पूर्वजांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावोगावचे लोक आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे. नवल असं, की ज्या सणाचा सगळा आधारच तेल, तो हनुक्का मात्र या तेल्यांना शतकानुशतकं ठाऊक नव्हता.

हाईम सॅम्युएल किहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमचे लोक इ.स.पू. १७५ च्या सुमाराला, अँटायोकस राजाच्या छळाच्या काळात मायदेश सोडून निघाले. गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कथा तर आमच्या प्रत्येक घरात सांगतात. जेरुसलेमचं मंदिर मक्काबींनी, म्हणजे अँटायोकसविरुद्ध उठलेल्या ज्यू बंडखोरांनी, परत मिळवून शुद्ध केलं ते इ.स.पू. १६४ मध्ये. एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं, ती गोष्ट तेव्हाची. म्हणजे आमची माणसं निघाली तेव्हा हा सण जन्मालाच आला नव्हता. पुढे कोचीनच्या ज्यूंनी विसरलेल्या प्रार्थना शिकवल्या, त्यांच्याबरोबर हनुक्काही आला. दुसऱ्याकडून शिकून घेतलेला हा सण मला फार प्रिय आहे, आणि तो कोल्हापूरला मावशीकडे करायचा योग यंदा आला.

कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. मिरजेला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुकं आणि दोन्ही अंगांना ऊस. रुकडी गेलं, वळिवडे गेलं, मग गूळ मार्केट नावाचं छोटं स्टेशन, आणि आलंच कोल्हापूर. काका स्टेशनवर मफलर गुंडाळून उभे. "शालोम गं पोरी! चल, आधी चहा घेऊ, मग घर."

मावशी-काकांचं घर मंगळवार पेठेत. काका बँकेच्या नोकरीत बदली होऊन इथे आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. कोल्हापुरात सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, नाही. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेला मिन्यान लागतं, म्हणजे दहा प्रौढ पुरुष. त्याशिवाय सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचता येत नाही. म्हणून मोठ्या सणांना मावशी-काका पुण्याला रास्ता पेठेतल्या सुक्काथ श्लोमोत जातात, नाहीतर आमच्याकडे ठाण्याला येतात. हनुक्काला मात्र मिन्यानची अट नाही. घर असावं, दिवा असावा, आणि तो रस्त्यावरून दिसावा. दिवा दारात किंवा खिडकीत ठेवायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणूनच, असा नियमच आहे. सिनेगॉग नसलेल्या गावात राहणाऱ्यांसाठी इतका सोयीचा सण दुसरा नाही, असं मला वाटतं.

मावशीकडे पितळी हनुक्किया, म्हणजे हनुक्काचा नऊ दिव्यांचा दीप, आहे, पण ती ठेवते माळ्यावर. लावते पणत्या, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून दिवाळीला आणलेल्या. खिडकीच्या कठड्यावर एक सरळ फळी, फळीवर आठ पणत्या एका रांगेत. एकही वर नाही, खाली नाही, कारण आठही दिव्यांचा मान सारखा. नववा शमाश, तो मात्र उलट्या वाटीवर, उंच. बाकीचे दिवे त्याने पेटवायचे. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं वाढवत जायचं. पणती मांडायची उजवीकडून आणि पेटवायची डावीकडून, म्हणजे आज आलेल्या दिव्याला आधी ज्योत मिळते. या उजेडात काही वाचायचं नाही, निवडायचं नाही, शिवायचं नाही. नुसतं बघायचं. दिवे तेवत असतात तोवर बायकांनी कामाला हात लावायचा नाही, अशीही रीत आहे. मावशी ती अगदी निष्ठेने पाळते. तेवढा वेळ गॅस बंद, फोन बंद, ती खुर्चीत आणि शेजारणी पलंगावर.

शेजारणी म्हणजे समोरच्या पाटीलकाकी, वरच्या मजल्यावरच्या जैन वहिनी आणि त्यांची दोन पोरं. मार्गशीर्षातला गुरुवार होता त्या दिवशी पाटीलकाकींकडे घट मांडलेला. त्यांचं हळदीकुंकू आटोपलं आणि सगळ्या बायका तशाच आमच्याकडे आल्या. काका उभे राहून हिब्रूत बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची प्रार्थना, म्हणाले, मग तिसावं स्तोत्र, आधी हिब्रूत आणि मग मराठीत. थोरल्या पोराने विचारलं, "आजोबा, हा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?" काकांचा हा आवडता विषय. त्यांनी दिनदर्शिकाच काढली. आमचे महिनेही चंद्राचे, एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरायचा. हनुक्का सुरू होतो किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला, म्हणजे महिना सरत येतो तेव्हा. मधे अमावास्येची रात्र येते आणि ती ओलांडून सण पुढे जातो. "म्हणजे दिवाळीसारखं," पोरगा म्हणाला. "अगदी तसंच," काका म्हणाले.

खाण्याचं सांगायचं तर हनुक्काला तळणीचं करायचं. मावशी घारगे करते: लाल भोपळ्याचा कीस, गूळ, गव्हाचं पीठ, वरून खसखस. मटण कोल्हापुरात राहूनही तिच्या घरात शिजत नाही, कारण आमच्या रीतीने जनावर कापणारा शोहेत इथे कुठला? पांढरा रस्सा करते तो अंड्यांचा, नारळाच्या दुधातला. मांसाबरोबर दूध-दही आम्हाला चालत नाही, त्यामुळे कोकणातल्या आमच्या स्वयंपाकाची सगळी भिस्त नारळाच्या दुधावर. मला तर कोल्हापूरचा पांढरा रस्सा पहिल्या घासालाच घरचा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. दर हंगामात ते तिथूनच गूळ घेतात. चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या बसला होता, वाळलेली चिपाडं आत सारत. विस्तव असा, की थंडीतही त्याच्या अंगात बनियन तेवढं. वर काहिलीत रस उकळत होता. त्यात चेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी ओतलं आणि काळपट मळी भराभर वर आली. झाऱ्याने ती काढून टाकली तसा रस उजळत गेला. मग बराच वेळ नुसता फेस, आधी पांढरा, मग पिवळा, मग तांबूस. गुळव्या मधूनमधून दांड्याने ढवळायचा आणि काहिलीकडे कान देऊन उभा राहायचा. मी जरा पुढे सरकले तर म्हणाला, "ताई, लांब थांबा, उसळी मारतंय ते." शेवटी त्याने थोडा पाक गार पाण्यात टाकला आणि बोटांनी वळून पाहिला. गोळी झाली. चौघांनी कड्या धरल्या, काहील कलती केली, आणि सोनेरी पाक वाफ्यात पसरला. तिथे तो घोटून, कापड घातलेल्या बादल्यांत भरला की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, तयार होतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण पाक उतरवायची वेळ आजही त्या माणसाच्या बोटांत आहे, हे डोळ्यांनी पाहिलं. आम्हाला वाटीभर गरम काकवी मिळाली. "घ्या की पाव्हणं, लाजू नका!" एवढा आग्रह, की दुसरी वाटीही घ्यावी लागली.

गूळ दोन कामांसाठी घेतला. एक मलिद्यासाठी, त्याबद्दल पुढे सांगते. दुसरं सीपीआर रुग्णालयासाठी.

हनुक्कात सेदाका, म्हणजे दानधर्म, जास्त करायचा असतो. बाराव्या शतकात मायमोनिदिस या आमच्या थोर पंडिताने लिहून ठेवलंय, की दानावर जगणाऱ्या माणसानेही अंगावरचं वस्त्र विकावं, पण हनुक्काच्या दिव्याला तेल आणावं. लहानपणी हे वाक्य मला फार कठोर वाटायचं. मावशी त्याचा अर्थ वेगळा लावते: कुणावर वस्त्र विकायची पाळी येणार असेल, तर त्याच्या घरी तेल आधीच पोचवणं हे बाकीच्यांचं काम. म्हणून सणाच्या आधी ती सांगलीच्या एका म्हाताऱ्या बेने इस्राएल जोडप्याला लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, वाती आणि महिन्याचा किराणा पाठवते. आजीचे गुडघे गेलेत, तरी एका संध्याकाळी ते दोघं मुद्दाम गाडी करून आले. त्या रात्री प्रार्थनेला आम्ही पाच यहुदी होतो आणि दाटीवाटीने बसलेली सगळी गल्ली.

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला इथे सगळे सीपीआरच म्हणतात. जिल्ह्यातून, कोकणातून, सीमेपलीकडून कर्नाटकातूनही पेशंट येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं आवारात, व्हरांड्यात दिवस काढतात. त्यांना जेवण देणारी मंडळी आहेत, मावशी त्यांतल्याच एका गटात वर्षभर जाते. हनुक्काच्या दिवसांत ताटात तिचे घारगे वाढतात. आम्ही पहाटेपासून तळत होतो, पाटीलकाकी लाटायला आणि जैन वहिनी तळायला. वहिनी स्वतः कांदा-बटाटा खात नाहीत, त्यामुळे घारगे त्यांनाही चालतात. आमच्यासाठी अमुक वर्ज्य, त्यांच्यासाठी तमुक, पाटीलकाकींचा गुरुवारचा उपास वेगळा, पण एका कढईपुढे तिघींचं कुठेच अडत नव्हतं.

आमटी, भात, भाकरी आणि घारगा. रांगेत गगनबावड्याकडचे एक आजोबा होते, नातू अपघातात सापडला होता. घारगा हातात घेऊन म्हणाले, "कसला सण म्हणायचा हा, बाई?"

मावशी म्हणाली, "तेलाचा, मामा. थोडं होतं, आठ दिवस पुरलं."

त्यांनी मान हलवली. "आम्हाला बी आठ दिवस सांगितल्यात डॉक्टरनी." आणि आणखी एक घारगा नातवासाठी मागून घेतला. मावशीने दोन दिले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना शोधत वॉर्डापर्यंत गेली. पोराला शुद्ध आली होती.

शुक्रवारी संध्याकाळी घाई. हनुक्काचे दिवे आधी, मग शब्बाथचे, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. एकदा शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही, म्हणून त्या दिवशी पणत्यांत तेल जास्त घालायचं. इथेही मायमोनिदिसने एक सुंदर गोष्ट सांगितली आहे. दोन्ही दिव्यांपुरते पैसे नसतील तर घरातला शब्बाथचा दिवा लावावा, कारण घरातली शांती चमत्काराच्या आठवणीपेक्षा मोठी. काकांनी किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हटला, बेदाण्यांच्या शरबतावर, जसं आमच्या आजोळी करायचे.

शब्बाथ उतरल्यावर, रविवारी, मी गांधीनगरला गेले. कोल्हापूरकर तिथे जातात ते कापड घ्यायला, ठोक भावात. पण ही जागा म्हणजे वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ इथे पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीर पथकं होती. ते गेल्यावर फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली आणि त्यांनी ही बाजारपेठ उभी केली. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. स्तंभापाशी मी बराच वेळ थांबले. युरोपातल्या यहुद्यांवर त्याच वर्षांत काय चाललं होतं ते मनातून जात नव्हतं. आम्हाला मात्र या मातीत धर्मापायी कुणी कधी घराबाहेर काढलं नाही, आणि हे प्रत्येक बेने इस्राएल घरात कृतज्ञतेने सांगतात. हनुक्काच्या दिवसांत कोल्हापूरला जाणाऱ्याने अंबाबाईचं देऊळ आणि रंकाळा तर बघावाच, पण या स्तंभासाठीही अर्धा तास काढावा.

आता गुळाचं. तू बिश्वात, म्हणजे शेवाट महिन्याची पौर्णिमा, हनुक्कानंतर साधारण दीड महिन्याने येते. त्या दिवशी आमचे लोक अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर जातात. एलियाहू संदेष्टा तिथून स्वर्गाकडे गेला, अशी आमची श्रद्धा. खडकावर रथाच्या चाकांची खूण दाखवतात. तिथे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलदोडा, सुकामेवा, वर फळं मांडायची आणि प्रार्थना म्हणायची. यंदाच्या मलिद्याचा गूळ पन्हाळ्याच्या वाटेवरचा असणार आहे. रवा कापडात बांधून मी ठाण्याला आणला आणि फोडून चार घरी दिला. गुळव्याने मलिदा चाखायला मागितलाय, गगनबावड्याच्या आजोबांचा पत्ता मावशीने वॉर्डातून लिहून घेतलाय, आणि पाटीलकाकी म्हणतात की त्यांना टापा बघायचाच आहे. एक छोटी बस करावी लागेल. आमच्या समाजाबाहेरच्यांना तिथे येता येईल का, असं मला दरवेळी विचारलं जातं. येता येतं. आजूबाजूच्या गावांतली माणसंही तिथे हात जोडायला येतात.