पाचवी सही
आज आमच्या अमेरिकी कंपनीच्या पुणे कार्यालयात एका साध्या स्क्रूचा पुरवठादार बदलण्याची फाइल पाचव्या सहीसाठी वर गेली, तेव्हा मला चीनमधील छिंगदाओच्या हायर या घरगुती उपकरणांच्या कंपनीची आठवण झाली. १९८५ मध्ये तिचे तेव्हाचे प्रमुख झांग रुईमिन यांनी तेथे ७६ सदोष फ्रिज कामगारांकडूनच हातोड्याने फोडून घेतले, ही गोष्ट सगळेच सांगतात; मला मात्र पुढचा बदल अधिक मोलाचा वाटतो. मधल्या फळीतील हजारो पदे काढून त्यांनी कंपनीचे लहान स्वायत्त गट केले आणि माणसे निवडण्याचा, नफ्यात वाटा घेण्याचा अधिकार त्या गटांकडेच दिला. (नोकरीची शाश्वती त्यात घटते, हेही खरेच.) २०१६ मध्ये जीई अप्लायन्सेस ही अमेरिकी कंपनी विकत घेतल्यावर हीच पद्धत अमेरिकेतही नेली. आमची फाइल संध्याकाळी परत आली. तारीख लिहायची राहिली होती.